पेस्ली रात्री कुठे झोपते

फेब्रुवारी आला की विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात लोकांना आपल्या पोरांची फार आठवण येते. एरवी ज्याला आपलं पोर दुसरीत आहे की तिसरीत हे धड सांगता येत नाही, तोसुद्धा किराणा दुकानाशेजारच्या टॅक्सवाल्या बाईसमोर बसून त्याची जन्मतारीख आणि सरकारी नंबर घडाघडा म्हणून दाखवतो. टॅक्सच्या कागदावर एक पोर लावलं की सरकारकडून परत येणारी रक्कम चांगलीच फुगते. त्या पैशात कुणी ट्रकला नवे टायर घालतो, कुणी दातांचं काम करून घेतो, कुणी थकलेलं भाडं भरतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझा वॉल्टर जिवंत होता आणि मुलगा लहान होता तेव्हा आम्हीही फेब्रुवारीकडे डोळे लावून बसायचो.

फरक एवढाच, की आमचं लग्न झालेलं होतं आणि दोघांचा मिळून एकच कागद जायचा. आमच्या गावात राहणाऱ्या केल्सी आणि डस्टिनने लग्न केलं नाही. चार वर्षं एका छताखाली राहिले, मुलगी झाली, पेस्ली, मग भांडून वेगळे झाले. आता पोर एक आणि कागद दोन. सरकारचं म्हणणं असं, की एका पोराला एकानेच लावायचं. वर्षातल्या अर्ध्याहून जास्त रात्री ते ज्याच्या घरी राहिलं त्याने. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

दोघांनी कोर्टाची पायरी चढायचं टाळलं होतं. पेट्रोल पंपाच्या आवारात, गाडीच्या बॉनेटवर हात टेकून, त्यांनी आपापसात ठरवलं: एक आठवडा तुझा, एक आठवडा माझा. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच पंपावर पोरगी एका गाडीतून उतरायची आणि दुसरीत बसायची. आमच्याकडे फारकत झालेले बहुतेक लोक असंच करतात. एकमेकांच्या दारात जायचं नाही, घर बघायचं नाही, भांडणाला निमित्त नको. पंपावर दिवे असतात, चार लोक असतात, कुणी आवाज चढवत नाही.

पण केल्सी चीजच्या कारखान्यात रात्रपाळीला. डस्टिन कागदाच्या गिरणीत, तोही रात्रपाळीला. मग रात्री पेस्ली कुठे?

माझ्याकडे.

आधी केल्सी आली. ती बाहेरगावची पोर, मला 'तुम्ही' म्हणते. "माझ्या आठवड्यात रात्री हिला तुमच्याकडे झोपवाल का? माझी मावसबहीण राहायची माझ्याकडे, ती गेली. पण डस्टिनला कळू देऊ नका हं. त्याला वाटतं ती अजून आहे. कळलं तर म्हणेल, मग मुलगी मलाच दे."

पंधरा दिवसही झाले नसतील, डस्टिन आला. तो माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. मी घरात लोकांची मुलं सांभाळायचे तेव्हाचा हा, नाक गळणारा, दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा. "व्हर्ना, माझ्या आठवड्यात पोरीला रात्री ठेवशील? आई आली होती राहायला, पण तिचे गुडघे गेले, ती परत गेली. केल्सीला मात्र बोलू नकोस. ती म्हणेल, सांभाळता येत नाही तर नेतोस कशाला."

मी दोघांनाही हो म्हटलं. कुणी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

म्हणून शुक्रवार आमच्याकडे मोठा मजेचा असायचा. सकाळी पेस्ली माझ्या घरून शाळेच्या बसमध्ये बसायची. दुपारी केल्सी तिला आणायची, पाच वाजता पंपावर डस्टिनच्या हवाली करायची, आणि आठच्या आत डस्टिन तिला माझ्या दारात सोडायचा. सगळ्या गावाला वळसा घालून पोरगी पुन्हा त्याच पलंगावर. फक्त पिशवी बदललेली. आईकडची जांभळी, बापाकडची हिरवी. सहा वर्षांची पोर, पण जांभळ्या आठवड्यात तिने कधी हिरव्याचं नाव काढलं नाही, आणि हिरव्यात जांभळ्याचं. तिला कुणी बजावलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं.

गावात कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. समोरची डोलोरेस दिवसभर खिडकीत असते, तिला दोन्ही गाड्या दिसत होत्या. पण विस्कॉन्सिनची माणसं अशी, की शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी हवेबद्दल बोलतील. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचं नाही, यालाच आम्ही चांगुलपणा म्हणतो. दोन वर्षं सगळ्यांनी आम्हाला हा चांगुलपणा दाखवला.

आता माझं सांगते. वॉल्टर जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा फीनिक्सला असतो, रविवारी फोन करतो आणि तिथे किती ऊन आहे ते सांगतो. मी कितीही माणसांत वावरले, चर्चच्या मासळीच्या जेवणाला भांडी घासली, पत्ते खेळले, तरी घरी येऊन दार लावलं की घर तसंच्या तसं. पेस्ली यायला लागली आणि माझ्या दिवसाला शेवट मिळाला. आठ वाजता कुणीतरी यायचं होतं. सकाळी मी उठायचे ती ओट्स शिजवायला, केस विंचरायला, एक मोजा सापडत नाही म्हणून आरडाओरडा ऐकायला. आजी म्हणायची सवय मी तिला लावली नाही. आज्या तिला दोन आहेत. ती मला व्हर्नाच म्हणायची, आणि मला ते चालत होतं. दोघंही मला वीस-वीस डॉलर द्यायचे, कधी द्यायचे, कधी विसरायचे. मी आठवण केली नाही. ती माझ्याकडे झोपत राहावी, यापलीकडे मला काही नको होतं.

तर त्या फेब्रुवारीत केल्सी दारातूनच म्हणाली, "चोरली त्याने माझी मुलगी."

"कुठे चोरली? आत टीव्ही बघत बसलीय."

"टॅक्सवरून चोरली, व्हर्ना. मी कॉम्प्युटरवरून पाठवलेला कागद परत आला. म्हणे या मुलीला आधीच कुणीतरी लावलंय. तो कुणीतरी कोण, ते मला चांगलं माहीत आहे."

"बस जरा. कॉफी घे."

"मला नको कॉफी. गाडीचा गिअरबॉक्स करून घेणार होते मी त्या पैशात. आता रोज देवाचं नाव घेऊन दुसरा गिअर टाकायचा."

पुढच्या आठवड्यात मी केल्सीचं नाव न काढता डस्टिनला विचारलं, टॅक्स भरलास का. तो मजेत होता.

"पहिला पोचला तो जिंकला, व्हर्ना. गिरणीत सगळे असंच करतात. आमचा फोरमन तर जानेवारीतच भरून मोकळा होतो, बायको उठायच्या आत."

"ही काय शर्यत आहे का रे?"

"शर्यत नाही तर काय? गेल्या वर्षी तिने लावली. तेव्हा मी काही बोललो?"

"महिनाभर बोलत होतास. माझ्याच स्वयंपाकघरात."

"बरं, बोललो. पण त्या वर्षी मी पोरीला लावलं नव्हतं."

केल्सीही काही कमी नाही. तिने टॅक्सवाल्या बाईकडून सगळं छापून घेतलं, पेस्लीला लावलं आणि पोस्टाने पाठवून दिलं. सरकारी काम सावकाश चालतं, पण चालतं. उन्हाळा संपता संपता दोघांनाही पत्रं आली: एकाच मुलीवर दोघांचा दावा आहे, मुलगी गेल्या वर्षी अर्ध्याहून जास्त दिवस तुमच्याच घरी राहिली हे सिद्ध करा. त्यासाठी शाळेचं पत्र चालेल, डॉक्टरचं चालेल, किंवा मूल सांभाळणाऱ्या बाईचं.

शाळेत दोघांचेही पत्ते होते. डॉक्टरकडे दोघं एकत्र राहत होते तेव्हाचा जुनाच होता. राहता राहिले मी.

केल्सी मऊ शब्दांत आली, सोबत कारखान्यातलं चीज घेऊन. "तुम्ही फक्त एवढं लिहा, की पेस्ली माझ्याकडे राहते आणि मी कामाला जाते तेव्हा तुम्ही बघता. खोटं काहीच नाही त्यात. नाताळचे जास्तीचे दिवसही माझ्याकडेच होती ती."

डस्टिन आला तो सरळ माझ्या अंगणातली पानं गोळा करायला लागला. मी ओळखलं. काम असल्याशिवाय हा पोरगा दाताळं हातात घेत नाही.

"तू मला लहानपणापासून ओळखतेस," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारते, काय हवंय?"

"चार ओळी. पोरगी माझ्या घरी राहते म्हणून. जुलैत आम्ही तळ्यावर गेलो होतो, तेही धर. केल्सीपेक्षा माझेच दिवस जास्त भरतील."

दोघांनाही मी म्हटलं, बघते. आणि खरंच बघत होते, कसं वाचता येईल ते. एकाला लिहून दिलं तर दुसऱ्याला कळणार, आणि त्याच्या आठवड्यात पोरगी यायची बंद. खरं लिहिलं तर दोघंही भडकणार, आणि कायमचीच बंद. मग मी ठरवलं, दोघांनाही लिहून द्यायचं. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे. खोटं लिहायची मला लाज वाटली नाही. सत्तर वर्षांच्या बाईला सरकार काय फासावर देणार होतं? कायद्यात अशा रात्रींसाठी काहीतरी वाट असेलही, मला ती ठाऊक नाही. मला एवढंच दिसत होतं, की दोन खोटी पत्रं दिली तर त्यांचं भांडण आणखी वर्षभर लोंबकळेल आणि तेवढं वर्षभर पेस्ली माझ्याकडे राहील.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळांतून आगीचा आठवडा असतो. अग्निशमन दलाची माणसं पहिलीच्या वर्गात येतात, मुलांना लाल प्लॅस्टिकच्या टोप्या देतात, धुरातून रांगत कसं जायचं ते शिकवतात. आणि घरचा अभ्यास देतात: आपला पत्ता पाठ करून या, म्हणजे फोनवर सांगता आला पाहिजे.

सकाळी ओट्स खाताना पेस्ली टोपी घालूनच बसली होती.

"व्हर्ना, माझा पत्ता काय?"

"या आठवड्यात पाळी कुणाची?"

"मम्मीची."

"मग सतरा, मेपल स्ट्रीट."

तिने तो दोनदा म्हटला. मग चमचा ठेवला. "पण फायरमन म्हणाला, रात्री आग लागली की झोपलेल्या माणसांना ते आधी बाहेर काढतात. ते मम्मीच्या घरी जातील आणि मी इथे असेन."

"इथे आग लागली तर मी करेन ना फोन."

"तू झोपलेली असलीस तर?"

"मग तू कर. इथला पत्ता सांग."

"आणि डॅडीचा?"

"तोही पाठ कर."

"म्हणजे तीन." तिने थोडा वेळ विचार केला. "एमरीला दोन आहेत. तीन कुणालाच नाहीत."

"मग तू सगळ्यांत हुशार."

तिला ते पटलं नाही. ती तिन्ही म्हणायला लागली. मेपल स्ट्रीटला माझ्या घराचा नंबर लावला. मी सुधारलं. मग माझ्या रस्त्याला डस्टिनचा नंबर लावला. पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा सगळं एकमेकांत मिसळलं आणि ती एकदम रडायला लागली. ही पोर रडत नाही. पंपावर एका गाडीतून दुसरीत बसताना रडली नाही, आईबाप वेगळे झाले तेव्हा रडली नाही. आता लाल टोपी डोळ्यांवर ओढून हुंदके देत होती. "तो चुकीच्या घरी जाईल, व्हर्ना. तो मला शोधत बसेल."

मी तिला जवळ घेतलं. तोंडाने म्हणत होते, सापडशील गं, सापडशील. आत मात्र मला माझाच राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या दोघांचा. पंधरा दिवस मी त्या पत्रांचा हिशेब मांडत होते. ही पोर खरंच राहते कुठे, हे तिने सांगेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

बस गेल्यावर मी दोघांनाही फोन केला. दोघांनाही एकच सांगितलं: पत्र तयार आहे, शुक्रवारी चारला येऊन घेऊन जा.

शुक्रवारी पेस्लीला शाळेतून मीच आणलं आणि डोलोरेसकडे भोपळ्याच्या बिया भाजायला पाठवलं. केल्सी आधी आली. ती कोट काढत असतानाच डस्टिनचा ट्रक लागला.

"हा इथे काय करतोय?" केल्सी म्हणाली.

"तेच मी विचारणार होतो," डस्टिन दारातून म्हणाला. "हिला कसं माहीत तू कुठे राहतेस?"

"बसा," मी म्हटलं. "दोघंही. कॉफी आहे, केक आहे. मारामारी करायची तर बशा जुन्या आहेत, त्या घ्या."

बसले. टेबलाच्या दोन टोकांना.

"पत्र?" डस्टिन म्हणाला.

"कुणाचं पत्र?" केल्सी त्याच्याकडे वळली. "पत्र मला देणार आहेत त्या."

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "तोंडी सांगते, मग तुम्हीच सांगा काय लिहू ते. केल्सी, तुझ्या आठवड्यात पेस्ली माझ्याकडे झोपते. डस्टिन, तुझ्या आठवड्यात पेस्ली माझ्याकडे झोपते."

डस्टिनने केकचा तुकडा उचलला होता, तो परत ठेवला.

"तुझी आई आहे ना घरी?" केल्सीने विचारलं.

"आली होती. मग गुडघ्यांनी दगा दिला." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आणि तुझी ती मावसबहीण?"

"तिचं लग्न झालं."

"कधी?"

"झालं. बरेच दिवस झाले."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

दोघंही आपापल्या मनात हिशेब करत असावेत. दोघांनाही आजवर वाटत होतं, की आपल्याकडून थोडी लबाडी होतेय खरी, पण निदान दुसऱ्याकडे तरी पोरगी नीट घरात, आपल्या माणसापाशी झोपतेय. त्या दुसऱ्याच्या भरवशावर दोघंही निवांत होते. मग माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. दोघं मिळून माझ्यावर घसरले.

"आणि तुम्ही," केल्सी म्हणाली, "तुम्ही दोघांकडूनही पैसे घेत होता?"

"घेत होते. मिळतील तेव्हा."

"दोन वर्षं तुला माहीत होतं," डस्टिन म्हणाला. "रोज मला भेटत होतीस आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस."

"तू म्हणालास बोलू नकोस. तीही म्हणाली. मी शब्दाची पक्की आहे."

"मग असं कर, तूच लाव तिला तुझ्या टॅक्सवर. रात्री मोजायच्या तर सगळ्या तुझ्याच आहेत."

"लावली असती," मी म्हटलं. "पण वॉल्टरच्या पेन्शनवर टॅक्स भरायची वेळच येत नाही. आणि मुलगी माझी नाही."

हे मी चेष्टेत सुरू केलं होतं. शेवटचे शब्द बोलून झाले आणि मी उठून कॉफी ओतायच्या निमित्ताने पाठ केली, आणि पाठ करूनच त्यांना आगीच्या आठवड्याचं सांगितलं. तीन पत्ते. मेपल स्ट्रीटला लागलेला माझा नंबर. लाल टोपी. 'तो मला शोधत बसेल' हे तिचं वाक्यही सांगितलं. वळले तेव्हा केल्सी दोन्ही तळहातांनी डोळे दाबून बसली होती आणि डस्टिन डोक्यावरून काढलेल्या टोपीच्या आत बघत होता.

"बाहेर चल जरा," तो तिला म्हणाला.

दोघं त्याच्या ट्रकपाशी जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते, डोलोरेस तिच्या खिडकीतून. ऐकू काही येत नव्हतं. केल्सी हातवारे करत होती. एकदा तिने ट्रकच्या दारावर थाप मारली. नंतर डस्टिन काहीतरी म्हणाला आणि ती हसली, मनात नसताना हसतात तसं. वेगळे झाल्यापासून ते एवढा वेळ एका जागी उभे राहिले नसतील.

आणि मी, हे लपवून काय उपयोग, मी आशा धरून होते. मला वाटत होतं, दोघं आत येतील आणि म्हणतील, व्हर्ना, पोरगी तुझ्याकडेच राहू दे. एक घर, एक पलंग, एक पत्ता. दिवसा आम्ही येत जाऊ. किती सोपं होतं. मी तर मनात मागची खोली रंगवायलाही घेतली होती.

ते आत आले. डस्टिनने सांगितलं. गिरणीत त्याला दिवसपाळी मिळत होती, पगार कमी म्हणून तो टाळत होता. ती आता घेणार. पेस्ली रोज रात्री त्याच्याकडे झोपेल. शाळा सुटल्यावर केल्सीकडे, आणि केल्सीला सुट्टी असेल त्या रात्री तिच्याकडे. टॅक्सवाल्या बाईकडे जाऊन तो या वर्षीचा दावा मागे घेणार, मिळालेले पैसे हप्त्याने परत करणार. पेस्लीला केल्सी लावेल. पुढच्या वर्षीपासून तो. थोडक्यात, या वर्षीचे टॅक्सचे पैसे तिला आणि रात्री त्याला. माणसं याहून वाईट तडजोडी करतात.

माझ्याकडे ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. नाही म्हणायची वेळसुद्धा त्यांच्यावर आली नाही.

"कधी गरज पडली तर तुम्हाला सांगूच," केल्सी म्हणाली, आणि मला मिठी मारली. मिठी खरी होती. मला पत्र लिहायला कुणीच सांगितलं नाही.

पेस्लीला डोलोरेसकडून आणलं. आपली दोन माणसं एकाच खोलीत बघून ती उंबऱ्यातच थांबली आणि आधी माझ्याकडे बघितलं, आता कुणाचं नाव घ्यायचं नाही ते विचारल्यासारखं.

"चालेल," मी म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे."

डस्टिन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिला समजावलं. तिने लक्ष देऊन ऐकलं.

"उद्या?"

"माझ्याकडे."

"परवा?"

"माझ्याकडेच. मम्मीला सुट्टी असली की मम्मीकडे."

"मग रात्रीचा पत्ता तुझाच," ती म्हणाली. चेहऱ्यावरून मोठं ओझं उतरलं होतं. "बाकीचे मला नकोत पाठ करायला."

"नकोत," डस्टिन म्हणाला.

मी तिचे कपडे भरून दिले. दोन पिशव्यांतलं सगळं हिरवीतच बसलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी कशा गेल्या ते सांगत बसत नाही. आठ वाजता मी दाराकडे बघायचे आणि स्वतःला रागवायचे. ओट्स एका माणसापुरते शिजवायला मला जमेना, म्हणून ते करायचंच सोडून दिलं. रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा त्याला म्हटलं, इकडे सगळं छान आहे. तो म्हणाला, इकडे अजून ऊन आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावात मुलं सोंगं घेऊन, खाऊ मागत दारोदार फिरतात. इतर ठिकाणी अंधार पडल्यावर फिरतात म्हणे. इथे नगरपालिकेने तीन ते पाच अशी वेळ ठरवून दिली आहे, लख्ख उजेडात. मी या वेळी छोटी चॉकलेटं न आणता दुकानात विकतात ती पूर्ण, मोठी आणली. डोलोरेस म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, सगळं गाव तुझ्याच दारात जमेल. जमू दे म्हटलं.

भुतं आली, चेटकिणी आल्या, एक ट्रॅक्टर आला. साडेचारच्या सुमाराला बेल वाजली आणि दारात मधमाशी. पिवळे-काळे पट्टे, डोक्यावर हलणाऱ्या दोन मिशा. मागे फुटपाथवर डस्टिन कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याने लांबूनच हात केला. चेहरा त्याचा नीट विश्रांती घेतलेल्या माणसाचा होता.

"खाऊ दे, नाहीतर खोडी काढीन," पेस्ली म्हणाली. प्रत्येक दारात म्हणायचं असतं तेच, त्याच आवाजात.

मी तिच्या पिशवीत दोन चॉकलेटं टाकली. केस कुणीतरी चांगले विंचरले होते. मला बरंच काही विचारायचं होतं. मोजे सापडतात का, सकाळी काय खातेस, रात्री खोलीत दिवा ठेवतात का. मागे ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ पिशवी पसरून खोळंबला होता, म्हणून मी एवढंच विचारलं, "झोप लागते का गं तिकडे?"

"हो, लागते," ती म्हणाली, आणि मिशा सावरत डोलोरेसच्या घराकडे पळाली. ती नाही म्हणेल, अशी मला आशा होती.